बिअरच्या कारखान्यात सुरमईचा डबा

माझ्या तोंडाला झाकण नाही, असं बायको लग्न झाल्यापासून म्हणत आली आहे. होणाऱ्या व्याह्यांशी फोनवर पहिल्यांदा ऐसपैस बोललो, त्या दिवशी तिचं म्हणणं पुन्हा एकदा खरं ठरलं.

व्याही सांगलीकडचे. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी करून निवृत्त झालेले, बोलायला मोजके. मोजक्या माणसाशी बोलताना मधे ज्या मोकळ्या जागा पडतात, त्या भरून काढणं आपलं काम आहे असं मला का वाटतं, देव जाणे. मी भरत गेलो. रत्नागिरीची हवा झाली, समुद्र झाला, यंदाचा मोहोर झाला. मग ते सहज म्हणाले, "तिकडं आता बिअर बनवत्यात म्हनं, पाव्हणं? पोरगा सांगत हुता."

"बनवतात म्हणजे? अहो, आपलं घरचंच आहे ते! मालक अगदी आपला माणूस. नेहमीचं जाणं-येणं. तुम्ही या फक्त, मी नेतो."

खरी गोष्ट अशी की गावाबाहेर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, ते टॅपरूम सुरू झाल्यापासून मी त्याच्या पायरीवर पाय ठेवला नव्हता. तिथंच बिअर तयार करतात आणि तिथंच नळातून काढून देतात, एवढं मला पेपरवाल्यानं सांगितलं होतं. मालक कोण, कुठला, काही ठाऊक नव्हतं. पण व्याही येणार तर होतेच, आणि ते का येणार होते ते सांगायला हवं.

लेकीचं लग्न ठरलं होतं. अडलं होतं फक्त जागेवर. व्याह्यांच्या मनात सांगलीचं मंगल कार्यालय होतं. लेकीला लग्न हवं होतं आमच्या अंगणात. तिच्या मैत्रिणीचं लग्न एका कार्यालयात झालं, तिथं वेळ संपली म्हणून विहीण पंगतीत बसलेली असताना पंखे बंद केले होते. तेव्हापासून तिनं ठरवलं होतं, की माझ्या लग्नात पंखा बंद करायचा की नाही हे माझी आई ठरवेल, मॅनेजर नाही. व्याह्यांचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. एवढी माणसं घाट उतरून आणायची, त्यात तुमच्याकडं जिकडंतिकडं मासं, आमच्या माणसांना काट्याची सवय नाही. तरी शेवटी ते म्हणाले, "एकदा येऊन बगतो, मग सांगतो." आणि एका शनिवारी एकटेच यष्टीनं यायचं ठरलं.

आदल्या दिवशी लेकीचा फोन आला. "बाबा, त्यांना रत्नागिरी आवडली पाहिजे. आवडली तर अंगण, नाही तर कार्यालय. तुम्ही फक्त थापा मारू नका."

"मी कशाला थापा मारू?" मी म्हणालो. तोवर मारून झालेली होती.

आता डब्याबद्दल. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण आमच्या गावात जुन्या परमिट रूममध्ये जाताना माणूस मासे घेऊन जातो. सकाळी बंदरावर जे चांगलं दिसेल ते घ्यायचं, घरी साफ करून मीठमसाला लावायचा, आणि संध्याकाळी डबा आचाऱ्याच्या हातात द्यायचा. तो तळून, वर कांदा टाकून आणून देतो. त्यांचे मासे वाईट असतात असं नाही. पण दुसऱ्यानं निवडलेला मासा खायचा म्हणजे दुसऱ्यानं निवडलेली बायको करण्यासारखं आहे, असं माझा एक मित्र म्हणतो. (त्याची बायको त्याच्या आईनं निवडलेली आहे.) थोडक्यात, रिकाम्या हातानं बारमध्ये जाणं आमच्यात बरं दिसत नाही.

म्हणून शनिवारी सकाळी मी बंदरावरून सुरमई आणली. व्याह्यांना काट्याची भीती, म्हणून मुद्दाम सुरमई. मधला काटा काढला की निर्धोक. बायकोनं तुकड्यांना हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचं आगळ लावलं. आगळ तिनं सढळ हातानं घातलं. हे लक्षात ठेवा.

"इथंच तळून देते की," ती म्हणाली. "घरी पाहुणा येतोय आणि तुम्ही मासे गावभर फिरवताय."

"तुला नाही कळायचं. तिथं समुद्रासमोर बसून गरम गरम... त्याची मजा वेगळी."

"माझा डबा परत आला पाहिजे. झाकणासकट."

हे 'झाकणासकट' ती मला उद्देशून नेहमीच म्हणते. डबा तिच्या माहेरचा. लग्नात आलेली भांडी तिनं जीव लावून सांभाळली आहेत, आणि या डब्याच्या झाकणावर तिचं माहेरचं संपूर्ण नाव कोरलेलं आहे, वडिलांच्या नावासकट. स्वयंपाकघराच्या बाबतीत ती कडक आहे. तिच्या ओट्यावर दुसऱ्याचं भांडं चढत नाही आणि तिचं भांडं दुसऱ्याच्या घरी मुक्काम करत नाही. सत्यनारायणाला बोलावलेला आचारी एकदा तिनं कढईसकट परत पाठवला होता.

व्याही आले. उंच, पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र सदरा, खांद्याला कापडी पिशवी. जेवण झालं. त्यांनी अंगण पाहिलं, विहीर पाहिली, मांडवाची जागा पावलांनी मोजली आणि नुसतं "हं" म्हणाले. त्या 'हं'मधून काही कळेना. चार वाजता मी त्यांना म्हणालो, "चला, आता आपलं ठिकाण दाखवतो." परत येताना गाडी चालवायला नको म्हणून रिक्षा केली.

सड्यावर काळ्या कातळाच्या मधोमध काचेची भली मोठी इमारत. आत चकचकीत टाक्या, मागे निळाभोर समुद्र. मला उगीचच अभिमान वाटला, जशी काही ती मीच बांधली होती. रिक्षा गेली. दाराशी काळा टी-शर्ट घातलेला, कानात काहीतरी खुपसलेला तरुण उभा होता. तो तिथला मॅनेजर, हे नंतर कळलं.

"वेलकम सर. डब्यात काय आहे?"

"सुरमई," मी आपुलकीनं सांगितलं. "तेवढी आचाऱ्याकडे द्या. कडक तळायला सांगा, रवा लावून."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी डब्यात म्हैस आणली होती. "सर, बाहेरचं अन्न अलाऊड नाही."

"अहो, हे अन्न कुठे? शिजलं की अन्न. हे अजून मासे आहेत."

तो क्षणभर घोटाळला. कानातल्या यंत्राशी काहीतरी कुजबुजला. "सर, कच्चंही अलाऊड नाही. पॉलिसी आहे."

"मग डबा इथं तुमच्याकडे ठेवा."

"गेस्टचं सामान ठेवून घेणं अलाऊड नाही."

"बाहेर कट्ट्यावर ठेवू?"

"बेवारस सामान ठेवणं अलाऊड नाही, सर."

म्हणजे डबा आत नेता येत नाही, देता येत नाही आणि सोडताही येत नाही. कट्ट्यावर एक कावळा बसून हे सगळं फार लक्ष देऊन ऐकत होता. व्याही मात्र आमच्याकडे पाठ करून दारावरचा नियमांचा फलक वाचत होते. फलक मोठा होता. जत्रेत देवस्थानचासुद्धा एवढा नसतो. त्यांची कापडी पिशवी खांद्यामागे लोंबत होती, तोंड उघडं. मॅनेजरनं दार उघडायला मान वळवली आणि माझ्या हाताला अवदसा आठवली. मी डबा व्याह्यांच्या पिशवीत अलगद सोडून दिला.

"डबा?" मॅनेजरनं विचारलं.

"दिला तिकडे," मी कातळाकडे बोट दाखवलं. कावळ्यानं काही चुगली केली नाही.

आतमध्ये माणूस नव्हतं. एक जोडपं तेवढं एका ग्लासाचे फोटो काढत होतं. समुद्राच्या बाजूला छान बुटके सोफे रिकामे पडले होते. मी तिकडे वळलो.

"सर, सी-फेसिंग फक्त चार जणांच्या ग्रुपला."

"पण कोणीच नाहीये."

"येऊ शकतात, सर."

चार माणसं येऊ शकतात, या शक्यतेचा मान ठेवून आम्हां हजर असलेल्या दोघांना मुतारीच्या बाजूला, टाक्यांच्या समोर बसवण्यात आलं. बसवण्यात आलं म्हणजे चढवण्यात आलं. कारण तिथं बूड टेकायला ती उंच, एका पायाची स्टुलं होती. व्याह्यांचा गुडघा दुखरा. मी त्यांना हात दिला, मॅनेजरनं लांबून शुभेच्छा दिल्या. स्टूल हलवायचं नाही, असं स्टुलावरच लिहिलं होतं. आमच्या पायांपुढे जमिनीवर पिवळी रेघ होती. तिच्या पलीकडे टाक्या, आणि पलीकडे पाऊल टाकायचं नाही.

"समुद्र मागल्या अंगाला हाय न्हवं?" व्याह्यांनी विचारलं.

"हो, मागे आहे."

"बरं," ते म्हणाले, आणि टाकी बघत बसले.

बिअर मागायला हाक मारली, तर एक मुलगी येऊन म्हणाली की ऑर्डर तोंडी घेत नाहीत. टेबलावरचा चौकोन मोबाइलमध्ये धरायचा. मी धरला. सड्यावर नेटवर्क नाही. वायफाय आहे म्हणाली, पासवर्ड बिलावर छापलेला असतो.

"मग बिल द्या."

"ऑर्डर दिल्यावर बिल येतं ना काका."

व्याह्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. "म्हंजे पवायला आल्याबिगर पान्यात उतरायचं न्हाई, आन् पान्यात उतरल्याबिगर पवायला यायचं न्हाई."

मुलगी हसली, पण पॉलिसीला हसू येत नाही. शेवटी मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. छाती पुढे काढून म्हणालो, "जरा मालकांना बोलवा. सांगा, आपला माणूस आलाय. त्यांची माझी चांगली ओळख आहे."

"मालकांची?"

"हो हो. परवाच भेटले होते बाजारात. तब्येत जरा उतरलीय त्यांची. मिशी काढलेली चांगली नाही दिसत, म्हटलं मी."

मुलीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा व्याह्यांकडे. "काका, मालक मॅडम आहेत. मुंबईला असतात."

टाकीतून काहीतरी बुडबुडल्याचा आवाज आला. मी टाकीकडे पाहू लागलो. व्याहीही टाकीकडे पाहत होते, पण त्यांच्या गालातल्या गालात काय चाललं होतं ते मला चकचकीत पत्र्यात स्वच्छ दिसत होतं.

दया येऊन त्या मुलीनंच स्वतःच्या मोबाइलवरून आमची ऑर्डर टाकली. मी आंब्याची बिअर मागवली, व्याह्यांनी साधी. एकमेकांच्या ग्लासातली चव घ्यायची नाही, असंही तिनं जाता जाता सांगितलं. मग आम्ही वाट पाहत बसलो आणि मी अंगणाचा विषय काढला. मांडव कुठवर येईल, सावली कशी राहील, वऱ्हाडाची सोय शेजारच्या शाळेत कशी होईल. व्याही "हं" करत होते. बोलता बोलता माझं लक्ष त्यांच्या सदऱ्याकडे गेलं.

कमरेच्या जरा वर, पिशवी टेकली होती तिथं, पांढऱ्या कापडावर एक लालभडक डाग पसरत चालला होता. आधी बटाट्याएवढा होता, बघता बघता भाकरीएवढा झाला. आगळ.

 अंगण, मांडव, शाळा, सगळं त्या डागात विरघळताना मला दिसलं. झाकण सैल झालं असणार. निदान ते घट्ट बसवावं म्हणून मी टेबलाखालून हळूच हात घातला. पिशवी सापडली, डबा सापडला, झाकणाची कडही सापडली. आणि ते झाकण हातातून निसटलं.

त्या रिकाम्या, गुळगुळीत फरशीच्या दालनात स्टीलचं झाकण पडल्याचा आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. टण्णकन आपटलं, उभं राहिलं, गरगरत पिवळी रेघ ओलांडून गेलं आणि दोन टाक्यांच्या मधल्या फटीत जाऊन बराच वेळ थरथरत आडवं झालं. फोटो काढणारं जोडपंही वळून पाहू लागलं.

मॅनेजर धावत आला. तो झाकण बघायला आला होता, पण त्याची नजर सदऱ्यावर खिळली. "सर! ब्लड!"

आणि त्याच क्षणी, इतका वेळ ज्यांच्यासाठी आमचा जीव टांगणीला लागला होता, त्या दोन फेसाळत्या बिअरी येऊन टेबलावर ठेवल्या गेल्या.

वाचकहो, आता माझी कोंडी बघा. हे रक्त नाही, असं म्हणावं तर मग काय आहे ते सांगावं लागणार. आगळ म्हणावं तर डबा निघणार, आणि डबा निघाला की आम्ही बाहेर. तेही मी होणाऱ्या व्याह्यांना न विचारता त्यांच्या पिशवीतून मासे चोरून नेत होतो, या आरोपाखाली. रक्तच आहे म्हणावं, तर कुणाचं?

मी तोंड उघडलं. पहिल्यांदाच त्यातून काही बाहेर आलं नाही.

"लागलंय," व्याही शांतपणे म्हणाले. "जुनी जखम हाय. कारखान्यातली. अधनंमधनं उघडती."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. माणसानं पापणी हलवली नाही.

त्यानंतर जे झालं ते सगळं नियमानुसार झालं. जखमी पाहुण्याला उंच स्टुलावर ठेवायचं नाही, असा नियम निघाला. त्याला आरामात, हवेशीर बसवायचं. म्हणून दोघांच्या आधारानं व्याह्यांना समुद्रासमोरच्या सोफ्यावर नेऊन टेकवलं, पाठीला उशी दिली, पायाखाली दुसरी उशी दिली. सोबतीला एक नातेवाईक चालतो, म्हणून मलाही सोफा मिळाला. समोर अख्खा समुद्र. जयगडकडे निघालेलं एक मोठं जहाज कूर्मगतीनं चाललं होतं. सूर्य कलला होता. जगात याहून सुंदर जागा नव्हती.

फक्त जखमी पाहुण्याला दारू द्यायची नाही, असाही नियम होता. बिअरी उचलल्या गेल्या.

"माझी द्या की," मी केविलवाणा म्हणालो. "मला काही लागलेलं नाही."

"सोफ्यावर ग्लास अलाऊड नाही, सर."

त्या ओढाताणीत मी माझ्या ग्लासातला एक घोट मारलाच. लिंबाच्या लोणच्याच्या बरणीत कुणीतरी हापूस बुडवून विसरून गेल्यासारखी चव होती. पण तो माझा हक्काचा घोट होता आणि मी तो गिळला. मग ग्लुकोजचं पाणी आलं, तेही कागदी पेल्यातून. मॅनेजर आमच्या डोक्याशी उभा राहिला; जखमी पाहुण्याला एकटं सोडायचं नसतं. खरं सांगायचं तर पोरगा घाबरला होता. "काका, बरं वाटतंय ना? डॉक्टरांना बोलवू?" असं दर घोटाला विचारत होता.

"आमचा पांढरा सदरा बगून घाबरू नगा," व्याही त्याला म्हणाले. "रंग जरा जास्तच दिसतोय. हितली हवा बरी हाय. बसू द्या थोडं."

आम्ही बसलो. ग्लुकोज प्यायलो. जहाज दिसेनासं झालं तेव्हा व्याही उठले, मॅनेजरच्या पाठीवर थाप मारली आणि लंगडत बाहेर पडले. गुडघा खरोखरच दुखत होता, त्यामुळे लंगडणं झकास वठलं.

रिक्षेची वाट पाहत आम्ही कट्ट्याशी उभे होतो. मी माफीची वाक्यं जुळवत होतो. व्याह्यांनी पिशवीत हात घातला, बिनझाकणाचा डबा बाहेर काढला आणि वास घेतला.

"पाव्हणं, वजनकाट्यावर हयात गेली माझी. लोकांनी उसाच्या मोळीत धोंडं घालून आनल्यालं वळखायचो मी. पिशवी जड झाल्याली कळंल न्हाई व्हय मला?"

"तुम्हांला... सुरुवातीपासून?"

"तर! म्हटलं बगू तरी, हा गडी काय करतोय." मग मिशीखाली हसत म्हणाले, "आन् तुमच्या वळखीचं मालक लईच देखनं निगालं. मिशी काडल्यावर बाईच झालं."

त्यावर ते जे हसले, ते रिक्षा येईपर्यंत हसत राहिले. कावळा उडून गेला.

रिक्षावाल्याला मी आमच्या जुन्या परमिट रूमचा पत्ता दिला. तिथल्या आचाऱ्यानं डब्यात बघितलं, व्याह्यांच्या सदऱ्याकडे बघितलं, "आगळ सांडलं वाटतं," म्हणाला आणि कढई चढवली. इतकं साधं होतं ते. व्याह्यांसाठी बुटकी खुर्ची शोधून आणली गेली. समोर समुद्र नव्हता, कॅलेंडर होतं. तुकडे आले. मी त्यांचा मधला काटा काढून देत होतो आणि ते खात होते. पहिला तुकडा शंका घेत, दुसरा मुकाट्यानं, पुढचे माझ्या मदतीची वाट न पाहता.

बोटं चाटून झाल्यावर ते म्हणाले, "लगीन तुमच्या अंगनात करू."

मला उठून नाचावंसं वाटलं.

"पन एक हाय. हळदीच्या दिवशी आमची मानसं मटनाचं पातेलं घिऊन येनार. आमचा आचारी, आमचा मसाला. तुमच्या दारात अडवायचं न्हाई."

"अहो, अडवतोय कोण! घर तुमचंच समजा," मी म्हणालो. तोंडाला झाकण नाही, तेव्हा तर डब्यालाही नव्हतं.

घरी आलो. व्याही सदरा बदलायला आत गेले. बायकोनं डबा हातात घेतला. मी तिला आधी आनंदाची बातमी सांगितली आणि मग एका दमात पातेल्याचं सांगून टाकलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. हाताची घडी घातलेली. फक्त काळा टी-शर्ट तेवढा नव्हता.

"बाहेरचं मटण? माझ्या ओट्यावर?"

"आता शब्द दिलाय गं."

"शब्द तुम्ही टॅपरूमवाल्या मालकांनापण दिला असेल." म्हणजे व्याह्यांनी चपला काढता काढता तेवढं सांगितलंच होतं. "झाकण कुठाय?"

मी टाकीची, रेघेची, फटीची हकीकत सांगितली.

"झाकण आलं की पातेल्याचं बघू," ती म्हणाली आणि आत वळली. म्हणजे माझ्या लेकीचं लग्न आता दोन टाक्यांच्या मधल्या फटीत अडकलं होतं.

दुसऱ्या दिवशी व्याही सकाळच्या गाडीनं गेले, आणि मी टॅपरूमला फोन लावला. झाकण सापडलं होतं. पण नाव असलेली वस्तू त्या नावाच्या व्यक्तीलाच, ओळखपत्र बघून द्यायची, असा नियम होता. झाकणावर नाव बायकोचं माहेरचं. त्या नावाचं ओळखपत्र तिच्याकडे लग्नापासून नाही. म्हणजे ज्या बाईला झाकण मिळू शकत होतं, ती बाई माझ्याशी लग्न करून नाहीशी झालेली होती.

"रिक्षा बोलवा," बायको म्हणाली.

सड्यावर मी रिक्षातच बसून राहिलो. मला कुणी ओळखलं असतं. काचेतून मात्र सगळं दिसत होतं. ती दाराशी गेली, पिशवीतून डबा काढून मॅनेजरच्या नाकासमोर धरला. रिकामा आहे हे दाखवलं असावं. आत गेली. काउंटरवर डबा ठेवला. मॅनेजर काहीतरी सांगत होता, बहुधा पॉलिसी. तिनं हात पुढे केला. त्यानं झाकण दिलं ते देण्यासाठी नसावं, नुसतं नाव दाखवायला असावं. तिनं ते घेतलं, डब्यावर ठेवलं आणि तळव्यानं दाबलं. काचेपलीकडे मला आवाज आला नाही, पण ते घट्ट बसलेलं दिसलं. मॅनेजरनं डबा उचलून फिरवून पाहिला. मग मान डोलावली. मग, देवाशपथ, वाकून नमस्कार केला.

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "काय म्हणालीस?"

"म्हटलं, दुसऱ्या कुठल्या डब्याला बसतंय का बघा, बसलं तर ठेवून घ्या." जरा वेळानं म्हणाली, "चांगला आहे हो मुलगा. कालचे जखमी काका कसे आहेत, विचारत होता. घरापासून लांब राहतो. लग्नाला बोलावलंय त्याला."

"आणि पातेलं?"

"येऊ दे. पण ओट्यावर नाही. विहिरीपलीकडे चूल मांडायची, आणि त्यांच्या आचाऱ्यानं माझ्या डावाला हात लावायचा नाही."

घरी आल्याबरोबर मी व्याह्यांना फोन केला आणि नियम सांगितले: चूल विहिरीपलीकडे, डावाला हात नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"कबूल. आन् बसायला समुद्राकडची जागा मिळंल का पाव्हणं? का चार मानसं लागत्यात?"

"आमच्या अंगणातून समुद्र दिसत नाही हो," मी कधी नव्हे ते खरं बोललो. "समोर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसते."

"चालंल," ते म्हणाले. "टाकी बगायची सवय झालीया. खुर्ची तेवढी बुटकी द्या."